विषय नऊ आणि विषय दहा

जानेवारी २०२१ मधल्या नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेला मी माझ्या स्वयंपाकघरातून हजर होते. करोनामुळे सभा मोबाईलवर भरत होत्या. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि दोन लिपिक तेवढे सभागृहात, बाकी आम्ही सगळे आपापल्या घरी. मोबाईल मी ओट्यावर डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला होता. त्याच्या पलीकडे, पडद्यावर दिसणार नाहीत अशा बेताने, आमच्या गल्लीतल्या आठ बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मीच त्यांना बोलावलं होतं. सभा ऐकायला कुणीही येऊ शकतं, पण आमच्या गावात त्यासाठी बायका कधी सभागृहाचा जिना चढल्या नव्हत्या. सभा मोबाईलवर आली, तेव्हा त्यांनी ती पहिल्यांदा ऐकली.

विषयपत्रिकेवर तेवीस विषय होते. नववा विषय आमच्या प्रभागातल्या उद्यानाच्या दुसऱ्या टप्प्याला, म्हणजे संरक्षक भिंत, प्रवेशकमान आणि कारंज्याला, प्रशासकीय मान्यता देण्याचा. दहावा विषय निवासी घरांत चालणाऱ्या व्यवसायांची तपासणी करून त्यांना बिगरनिवासी दराने घरपट्टी लावण्याचा आणि वार्षिक परवाना शुल्क ठरवण्याचा. हे दोन विषय एकाखाली एक आले तो योगायोग होता. पण माझ्या स्वयंपाकघरात बसलेल्या आठजणींच्या आयुष्यात ते एकमेकांना लागूनच होते.

आमचं गाव कृष्णाकाठचं, क वर्ग नगरपरिषदेचं, म्हणजे २५ ते ४० हजार वस्तीच्या गटातलं. मी २०१६ च्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव जागेवरून निवडून आले. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या झाल्या, म्हणून माझ्यासारखी तिथे पोहोचली. त्याआधी बारा वर्षं मी घरी भाजणी, मेतकूट आणि उन्हाळ्यात कुरडया-सांडगे करून विकत होते. पहिल्या वर्षी सभेत मी फार बोलत नसे. सूचक म्हणून सही करायची, अनुमोदक म्हणून सही करायची. ठराव म्हणजे काय हे मला फार उशिरा कळलं, आणि जे सांगायला मी हे लिहिते आहे ते एवढंच आहे: ठरावात लिहिलेलं असतं तेवढंच होतं. सभेत कोण किती तळमळीने बोललं, लोकांना काय आश्वासन मिळालं, यातलं काहीही कागदावर नसेल तर दुसऱ्या दिवशी ते नसतंच.

उद्यानाची जागा म्हणजे आमच्या वसाहतीच्या मांडणीत सोडलेली खुली जागा. प्लॉट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती ही. अठरा गुंठे. वीस वर्षं तिथे बाभळी, कचरा आणि लग्नसराईत मांडव. एका कोपऱ्यात दोन मोठे कडुनिंब आणि एक शिरीष. त्या सावलीत बायका शेंगा फोडायला, गोधड्या शिवायला बसत. २०१७ मध्ये मी उद्यानासाठी पत्र दिलं आणि २०१८ मध्ये जिल्हा नियोजन समितीतून निधी मंजूर झाला. मला केवढा आनंद झाला होता! अंदाजपत्रकाची प्रत अभियंत्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि ती न वाचता मी सूचक म्हणून सही केली.

वाचली असती तर दिसलं असतं. निम्म्याहून जास्त रक्कम पेव्हर ब्लॉक आणि भिंतीच्या पायाला गेली होती. चालायच्या वाटेच्या आड येतात म्हणून ती तिन्ही झाडं तोडायची होती. त्याचे कागद रीतसर झाले, परवानगी मिळाली, झाडं गेली. त्यांच्या जागी लॉन आली. घसरगुंडी पत्र्याची होती, अकरा वाजल्यानंतर तिच्यावर मूल बसू शकत नव्हतं. व्यायामाची लोखंडी साधनं आली. मुतारी नव्हती. माळी नव्हता. पाण्याचं कनेक्शन होतं, पण आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, आणि त्या पाण्यावर लॉन जगत नाही.

लहानपणी मामाकडे सांगलीला गेले की आम्ही आमराईत जायचो. त्या बागेत मला आठवते ती फक्त सावली. भर मे महिन्यात तिथे पाय भाजत नसत. बाग म्हणजे मोठी झाडं हे मला सहा वर्षांची असताना ठाऊक होतं आणि नगरसेविका झाल्यावर मी ते विसरले. याची टोचणी मला अजून आहे.

२०१९ च्या एप्रिलपर्यंत लॉन पिवळी पडली होती. मी नगरपरिषदेत गेले. अभियंता सज्जन माणूस, त्यांनी मला बसवून समजावलं. वरून येणारा पैसा भांडवली कामाचा असतो. त्यातून भिंत बांधता येते, माळ्याचा पगार देता येत नाही. पगार, पाणी, दिव्याचं बिल हा महसुली खर्च, तो नगरपरिषदेने स्वतःच्या उत्पन्नातून करायचा, आणि आमच्यासारख्या गावात ते उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं. त्यात आधी पाणी, मग स्वच्छता, मग दिवे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात उद्यान हे ऐच्छिक कामांत मोडतं. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बागा आणि मैदानं बाराव्या अनुसूचीत घालून नगरपालिकांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली, पण त्यासोबत पैसा दिला नाही. म्हणून गावोगाव असं दिसतं की उद्यानाचं उद्घाटन थाटात होतं आणि दोन वर्षांत त्याला कुलूप लागतं. बांधायला पैसा येतो, जगवायला येत नाही.

मग टाळेबंदी आली. उद्यान ओस पडलेलंच होतं, आता गावही बंद झालं. आमच्या प्रभागातले बरेच पुरुष आसपासच्या कारखान्यांत कंत्राटी. त्यांचं काम गेलं आणि घरातल्या बायकांनी जे येत होतं ते सुरू केलं. कुणी डबे, कुणी मास्क शिवायला घेतले, कुणी मसाला, कुणी घरघंटीवर शेजाऱ्यांचं दळण. एका वहिनींनी मुंबईला असलेल्या नणंदेकडून कर्ज घेऊन मिरची कांडपाचं यंत्र बसवलं. नवरा आधीच वारलेला, दोन मुलं, आणि यंत्र पाच हॉर्सपॉवरचं, दहा फुटी बोळात.

तक्रार त्या यंत्रावरून झाली आणि ती खरी होती. समोरच्या घरातल्या काकांना दम्याचा त्रास. मिरची कांडायला लागली की अख्खा बोळ खोकायचा, लहान मुलांचे डोळे लाल व्हायचे. काकांनी नगरपरिषदेत अर्ज दिला. त्या एका अर्जावरून कर विभागाने सगळ्या गावातल्या घरगुती व्यवसायांची यादी केली. करोनाच्या वर्षात वसुली खाली आली होती, तेही कारण असणार. माझ्या प्रभागातली एकसष्ट घरं त्या यादीत होती. मी यादी मागून घेतली आणि घरी येऊन वाचली. त्यात देवळासमोर राहणाऱ्या एक आजी होत्या. त्या फुलवाती वळून पुड्या विकतात. त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘व्यवसायाचा प्रकार : इतर. प्रस्तावित आकारणी : बिगरनिवासी.’ आजींचं घर एक खोली आणि पुढची पडवी.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. विकास नियंत्रण नियमावलीची प्रत मी अभियंत्यांकडून आणली होती, ती इंग्रजीत. आम्ही दोघी रात्री एक वाजेपर्यंत ती वाचत बसलो, ती अर्थ सांगायची आणि मी वहीत लिहून घ्यायची. निवासी भागात काय काय चालतं त्याच्या यादीत अगदी वरच्या बाजूला आम्हाला ते सापडलं. घरातल्या माणसांनी, पगारी मजूर न लावता, घरात करायचे नेहमीचे व्यवसाय चालतात. शिवण, भरतकाम, बटणं करणं अशी उदाहरणंही दिली होती. मोटर वापरायची तर एकूण भार एक हॉर्सपॉवरपर्यंत. मुलगी म्हणाली, “आई, घरघंटी किती हॉर्सपॉवरची असते?” मी उठून आमच्या घरघंटीमागचा पत्रा पुसून बघितला. एक.

म्हणजे त्या एकसष्टांतल्या बहुतेक बायका बेकायदा काही करत नव्हत्या. नियम त्यांच्या बाजूने आधीपासून लिहिलेला होता, त्यांना तो कुणी सांगितला नव्हता. नगरपरिषदेतही कुणी काढून बघितला नव्हता.

सभेचं सांगते. विषय नऊ निघाला. माझे सहकारी अण्णा, तीन वेळा निवडून आलेले, म्हणाले की कारंज्याने गावाला शोभा येईल, बाहेरचा माणूस नाव काढेल. मी बोलायला सुरुवात केली तर माझा आवाज बंद केलेला. लिपिकाला फोन करून तो चालू करून घ्यावा लागला. तेवढ्या वेळात भिंतीजवळून कुजबुज चालली होती. “वैनी, कारंज्याचं ऱ्हाऊ द्या, आधी संडास म्हणा.” “नळ म्हणा, प्यायचं पाणी म्हणा.” “सावलीचं बोला की ओ.” त्या जे म्हणत होत्या ते मी मोबाईलमध्ये एकामागून एक बोलत गेले. लहान मूल घेऊन आलेली बाई अर्ध्या तासात घरी का पळते, तर उद्यानात मुतारी नाही. दुपारी तिथे कुणी का नसतं, तर झाड नाही. कारंजं काढा, त्या पैशात बोअर, ठिबक, बायकांसाठी दोन आणि पुरुषांसाठी एक स्वच्छतागृह, आणि कडेने कडुनिंब, करंज, बहावा लावा. हे सगळं भांडवली कामच आहे, निधीच्या नियमात बसतं. एवढं मी अभियंत्यांना आधी विचारून ठेवलं होतं. उपसूचना मांडली. नगराध्यक्षांनी मतदान न घेता फेर अंदाजपत्रक करून आणायला सांगितलं.

विषय दहाला मी वही काढली. आधी नियम वाचून दाखवला. मग सांगितलं की खाद्यपदार्थ करणाऱ्या बाईला अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी घ्यावीच लागते, वर्षाला १०० रुपये, ती त्या घेतील, मी स्वतः भरून देईन. दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा राज्याचा कायदा तर तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तिथे नुसती माहिती कळवा म्हणत होता, नोंदणीही मागत नव्हता. जिथे राज्य सरकार थांबलं तिथे नगरपरिषदेने तिसरी पावती का फाडावी? अण्णा म्हणाले, “धंदा तो धंदा. बाजारातला दुकानदार भाडं भरतो, त्याने काय पाप केलं?” प्रश्न रास्त होता आणि मी तो टाळला नाही. मी त्यांना मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचं सांगितलं. दहा बाय बाराच्या खोल्यांत त्यांनी हजारो गिरणी कामगारांना जेवू घातलं, आणि प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचवलं, तोवर कुठल्याही कागदावर त्या व्यावसायिक नव्हत्या. आपल्या बायकांचं नाव पहिल्यांदा कागदावर येतंय ते कर्जासाठी नाही, करासाठी. अण्णा गप्प झाले. विषय तहकूब झाला आणि तिघांची समिती नेमली, त्यात मी होते.

आम्ही एकसष्टच्या एकसष्ट घरी गेलो. त्यात सगळ्यात अवघड घर कांडपवाल्या वहिनींचं. आत गेलो तेव्हा त्या मिरचीने माखलेल्या, तोंडाला ओढणी. त्यांनी मला पाणी दिलं. मी यंत्रामागचा पत्रा बघितला, पाच हॉर्सपॉवर. मला वाटलं असतं तर मी तो बघितला नाही असं लिहू शकले असते. समोरच्या पडवीत काका पंप तोंडाशी धरून बसले होते. मी वहिनींना सांगितलं, हे यंत्र या बोळात राहू शकणार नाही. त्या म्हणाल्या, “ताई, तुमी बाईमाणूस असून असं बोलता?” त्यानंतर दीड वर्ष त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

मी समितीत भांडून त्यांना सहा महिन्यांची मुदत घेतली. नगरपरिषदेचा गाळा लिलावात जातो, त्याची अनामत त्यांना झेपणार नव्हती. शेवटी बाजार आवाराजवळ एका गृहस्थांनी पत्र्याची शेड भाड्याने दिली. धंदा चालू राहिला, पण भाडं गेलं, आणि मुलांना शेजारी सोडून जावं लागायला लागलं. माझा निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणते. नियम बायकांच्या बाजूचा आहे म्हणून वाचायचा आणि विरुद्ध गेला की मिटायचा, हे चालणार नाही. पण त्याची किंमत त्या बाईने मोजली, मी नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये ठराव झाला. घरातली माणसं काम करत असतील, मोटर एक हॉर्सपॉवरपर्यंतची असेल, धूर-धूळ-आवाजाचा शेजाऱ्याला त्रास नसेल, तर ते घर निवासीच धरावं, परवाना शुल्क घेऊ नये. विरोधकांनी तो कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे नेऊन थांबवू असं म्हटलं, पण नेला नाही. मी ठरावाच्या एकसष्ट प्रती काढल्या, वर नगरपरिषदेचा शिक्का घेतला, आणि घरोघर दिल्या. आजींनी ती प्रत देवघरात ठेवली.

उद्यानाचा सुधारित ठराव त्याच्या आधीच्या सभेत झाला होता. कारंजं गेलं. बोअर, ठिबक, स्वच्छतागृह, झाडं आली. आणि मी हट्ट करून एक वाक्य घालून घेतलं, की उद्यानाची देखभाल महिला बचत गटामार्फत, नगरपरिषदेच्या निधीतून करावी. मसुद्यात लिपिकाने शेवटी दोन शब्द जोडले होते: ‘एका वर्षासाठी’. मी ते वाचले. वाचून सोडून दिले. पुढच्या वर्षी वाढवून घेऊ असं मनाशी म्हटलं.

पुढच्या वर्षी मी नव्हते. आमची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि राज्यातल्या बहुतेक ठिकाणांप्रमाणे आमच्याकडेही प्रशासक आले. सर्वसाधारण सभा बंद झाल्या. ठराव होत राहिले, पण एका टेबलावर, एका सहीने. त्यावर कुणी प्रश्न विचारायला उठत नव्हतं, कारण उठायला जागाच नव्हती. वर्ष संपलं तसं बचत गटाचं काम थांबलं. मी दोनदा अर्ज दिला. उत्तर आलं की मूळ ठरावाची मुदत संपली आहे. बोअरची मोटर जळाली ती जळालीच. स्वच्छतागृहाला कुलूप लागलं. आम्ही काही बायकांनी दोन उन्हाळे घरचं पाणी बादल्यांनी नेऊन घातलं. चाळीस झाडांतली सव्वीस जगली.

२०२३ मध्ये कर विभागाचं नवीन सर्वेक्षण झालं आणि आमच्या प्रभागात अकरा घरांना बिगरनिवासी आकारणीच्या नोटिसा आल्या. माणसं बदलली होती, आधीचं कुणाला माहीत नव्हतं. अकराही जणी शिक्क्याची प्रत घेऊन नगरपरिषदेत गेल्या. मला त्यांनी सांगितलंही नाही, मला नंतर कळलं. नोटिसा मागे घेतल्या गेल्या. फुलवातीवाल्या आजी आता नाहीत. त्यांची सून प्रत घेऊन गेली होती.

एक ठराव बायकांच्या घरात होता, तो टिकला. दुसऱ्याची प्रत मी कुणालाच दिली नव्हती. उद्यान कुणा एकीचं नाही, मग प्रत कुणाला द्यायची, असं मला वाटलं होतं.

डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक झाली. मी उभी राहिले नाही. पण नगरपरिषदेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी संपायच्या आत मंजूर व्हावं लागतं हे मला माहीत होतं, म्हणून त्या सभेच्या आधी आम्ही नऊजणी नव्या नगराध्यक्षांना आणि प्रभागाच्या दोन्ही सदस्यांना भेटलो. सोबत २०२१ च्या ठरावाची प्रत आणि जगलेल्या सव्वीस झाडांची यादी नेली. सभेच्या दिवशी आम्ही सभागृहात जाऊन मागे बसलो. कांडपवाल्या वहिनीही आल्या होत्या, शेड दुपारी तीनला बंद करून. यंदाच्या अंदाजपत्रकात उद्यानाच्या नावापुढे दोन नव्या ओळी आहेत. माळी, दोन. बोअरचं वीजबिल आणि दुरुस्ती. मुदतीचा शब्द त्यात कुठेही नाही. ते पान मी तीनदा वाचलं, त्याच्या दहा प्रती काढल्या, आणि नऊ वाटून एक माझ्याकडे ठेवली आहे.